औषध उपसून टाकणारे जंतू



विहिरीवर मोटार सुरू केली की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. खाली झऱ्याचे पाणी येत असते आणि वर मोटार ते उपसत असते. मोटार झऱ्याहून जोरकस असली, तर दोन-तीन तासांत तळाचा खडक दिसू लागतो. झरा काही आटलेला नसतो. पाणी येतच असते, पण येते तेवढे बाहेर जाते, म्हणून विहिरीत साठा होत नाही.

आता असे समजा की ही विहीर म्हणजे एक रोगजंतू आहे. झऱ्याचे पाणी म्हणजे आपण घेतलेले औषध. आणि मोटार त्या जंतूने स्वतःच्याच अंगात बसवलेली आहे. औषध आत शिरते, पण टिकत नाही. जंतूला मारायला जेवढे औषध आत साठावे लागते, तेवढे कधी साठतच नाही. जंतू जगतो, वाढतो, आणि आपण म्हणतो, ‘गोळी लागू पडली नाही.’

ही नुसती उपमा नाही. जंतूंच्या अंगात असे पंप खरोखरच असतात. त्यांचे तुकडे वेगळे काढून शास्त्रज्ञांनी त्यांची घडण तपासली आहे. लेकराचा ताप का उतरत नाही, म्हशीची कास चार इंजेक्शने देऊनही का मऊ पडत नाही, क्षयाचा रोगी बरा होता होता पुन्हा का खोकू लागतो, या प्रश्नांच्या उत्तरातला एक भाग या पंपापाशी येऊन थांबतो. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

विठ्ठलवाडीचे पाणी

कल्याणहून कर्जतच्या बाजूला जाणारी लोकल पकडली, की पहिले स्टेशन लागते ते विठ्ठलवाडी. इथे एसटीचे आगार आहे, त्यामुळे आसपासच्या तालुक्यांतून कल्याणला येणाऱ्या मंडळींना हे नाव नवे नाही. या वस्तीजवळून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथचे पुरातन शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. इतक्या जुन्या देवळाची ही नदी आज पुष्कळ लोक नाला म्हणूनच ओळखतात. अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडून विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत तिच्यात घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रासायनिक पाणी मिसळलेले असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या पात्रात टँकरमधून चोरून रसायन ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूने उल्हासनगर भागातल्या शेकडो माणसांना दवाखाना गाठावा लागला.

पंपाच्या गोष्टीत नाला कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण असे, की माणूस ज्या पाण्याजवळून नाक धरून जातो, त्या पाण्यात जंतूंचा संसार चालूच असतो. तिथे त्यांना रोजच कुठल्या ना कुठल्या विषाशी गाठ असते. तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू अंगात शिरले की जंतूही मरतात. मग त्यांच्यातले टिकतात कोण? ज्यांच्याजवळ विष बाहेर फेकण्याचे साधन आहे ते. धातू उपसणारे पंप जंतूंमध्ये सापडले आहेत. त्याहून घोराची गोष्ट ही, की धातूच्या पंपाचा नकाशा आणि औषधाच्या पंपाचा नकाशा पुष्कळदा एकाच माळेत गुंफलेला असतो. म्हणजे धातूच्या विषाने निवडून ठेवलेला जंतू औषधालाही पुरून उरू शकतो. ज्या नाल्यात कारखान्याचे, दवाखान्याचे आणि घरांचे पाणी एकत्र येते, तिथे अशा जंतूंना आयतीच तालीम मिळते. म्हणून सांडपाणी शुद्ध करून सोडणे हा केवळ शहराच्या शोभेचा प्रश्न नाही. तेच पाणी पुढे खाडीला जाते आणि वाटेत कोणाच्या तरी भाजीलाही लागते.

हा पंप चालतो कसा?

जंतू केवढा असतो ते आधी पाहू. आपल्या आतड्यात राहणारा एक सामान्य जंतू घेतला, तर असे पाचशे ते हजार जंतू ओळीने मांडावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. एवढ्याशा जिवाला मोटार ती कसली असणार? पण आहे.

१९८० साली अमेरिकेत बॉस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात लॉरा मॅकमरी, रिचर्ड पेट्रुची आणि स्टुअर्ट लेव्ही हे तिघे टेट्रासायक्लिन या औषधावर काम करत होते. हे औषध जंतूच्या आत जाऊन त्याचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडते. काही जंतूंवर ते चालत नव्हते. त्यांच्या अंगात औषध साठतच नव्हते. दार बंद आहे म्हणून औषध आत जात नसेल, असे आधी वाटे. या तिघांनी दाखवून दिले की औषध आत जाते, पण जंतू आपली शक्ती खर्चून ते पुन्हा बाहेर ढकलतो. औषध उपसणाऱ्या पंपाची खरी ओळख जगाला झाली ती तेव्हा.

या पंपाला शक्ती कुठून मिळते? जंतूच्या आवरणाबाहेर हायड्रोजनचे भारित कण दाटीने जमलेले असतात. धरणाच्या भिंतीमागे साठलेले पाणी जसे खाली यायला टपलेले असते, तसे ते कण आत शिरायला टपलेले असतात. पंप त्यांतला एक कण आत येऊ देतो आणि त्या जोरावर औषधाचा एक कण बाहेर लोटतो. कोयनेचे पाणी चक्रावर पडून वीज निघते, त्याच जातीचा हा प्रकार. बिल मात्र येत नाही.

काही जंतूंचे पंप याहून मोठे आणि गुंतागुंतीचे असतात. आतड्यातल्या त्याच जंतूत एक पंप तीन भागांचा आहे. आतल्या आवरणात मोटार, मध्ये जोड, आणि थेट बाहेर उघडणारा पाइप. अगदी आपल्या विहिरीवर असते तशीच मांडणी. २००२ साली जपानी संशोधकांनी यातल्या मोटारीची घडण उलगडली आणि २००६ साली ती कशी चालते ते दाखवले. तिचे तीन सारखे भाग असतात आणि ते पाळीपाळीने काम करतात. एक औषधाला पकडतो, दुसरा घट्ट धरतो, तिसरा बाहेर ढकलतो. मग पाळी बदलते. एकाच उखळात तीन बायका तीन मुसळांनी कांडू लागल्या, की कोणाचे मुसळ कोणाला लागत नाही आणि कांडणही थांबत नाही, तसेच हे चालते. आणखी वाईट म्हणजे हा पंप एकाच औषधावर अडून बसत नाही. वेगवेगळ्या जातींची औषधे तो सारख्याच उत्साहाने बाहेर काढतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. औषधाशी लढायला जंतूंकडे पंप हे एकच हत्यार नाही. काही जंतू औषधाचे तुकडे करतात, काही आत येण्याची दारे कमी करतात, काही ज्या जागी औषध बसते ती जागाच बदलतात. पंप पुष्कळदा या सगळ्यांच्या आधी उभा राहतो आणि जंतूला वेळ मिळवून देतो. वेळ मिळाला की पुढचे उपाय त्याला सुचतात, म्हणजे त्याच्या पिढ्यांत कोणाला तरी साधतात. आतड्यातला जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने सात तासांत एकाचे वीस लाखांवर होतात. एवढ्या गर्दीत एखादा वेगळा निघायला कितीसा वेळ लागणार?

मातीतच जन्मलेली विद्या

हा पंप आमच्या औषधांमुळे जन्मला का? नाही. तो फार जुना आहे. आपल्या आतड्यात पित्त उतरते. जंतूच्या दृष्टीने पित्त म्हणजे साबणाचे पाणी, त्याचे आवरण विरघळवणारे. तिथे राहायचे तर ते सतत बाहेर टाकावेच लागते. आतड्यातल्या जंतूचा तो तीन भागांचा पंप हे काम करतो.

आणखी एक नवल पाहा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे येतो. याच घराण्याने आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन दिले, टेट्रासायक्लिन दिले. मातीत शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी हे जीव विष बनवतात. पण स्वतःच्या विषाने स्वतः मरू नये म्हणून ते बाहेर टाकायचा पंपही बाळगतात. म्हणजे औषध आणि त्यावरचा तोडगा, दोन्ही तुमच्या-आमच्या बांधातल्या मातीत फार पूर्वीपासून एकत्र नांदत आहेत.

मग आपला दोष काय? आपला दोष निवडीचा. शंभर जंतूंत एखाद्याचा पंप जोरकस असतो. औषध नसते तेव्हा त्याला त्याचा काही लाभ नसतो. उलट पंप चालवायला शक्ती जाते, म्हणून तो मागेच पडतो. आपण औषध दिले की नव्याण्णव मरतात आणि रान मोकळे होते ते त्या एकाला. कापूस पिकवणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी फस्त केली. बियाण्यातले विष अळ्यांना वर्षानुवर्षे मिळत राहिले आणि ते पचवणाऱ्या अळ्याच मागे उरल्या. जंतूंचेही असेच होते.

फरक एवढाच, की अळी आपला गुण फक्त आपल्या पिलांना देते. जंतू तो शेजाऱ्यालाही देतो, आणि शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो. आपण शेजाऱ्याला पसाभर बियाणे द्यावे, तसा जंतू पंपाच्या नकाशाची एक छोटी गाठोडी दुसऱ्या जंतूच्या अंगात सरकवतो. या गाठोडीत पंपाबरोबर आणखी तीन-चार औषधांवरचे तोडगेही बांधलेले असू शकतात.

कोंबड्यांच्या खुराड्यातून घरात

ज्या स्टुअर्ट लेव्ही यांचे नाव वर आले, त्यांनी पंपाचा शोध लागण्यापूर्वी एक प्रयोग केला होता. शेतकरी कुटुंबाने तो मुद्दाम वाचावा असा आहे. बॉस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी सुमारे तीनशे कोंबडीची पिल्ले आणली. निम्म्यांना साधे खाद्य, निम्म्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य. कोंबड्या लवकर वजनाला याव्यात म्हणून असे खाद्य तिकडे सर्रास वापरले जाई.

आठवड्याभरात औषधी खाद्य खाणाऱ्या पिल्लांच्या पोटातले बहुतेक जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. काही आठवडे गेले आणि ते जंतू इतर औषधांनाही दाद देईनात. साधे खाद्य खाणाऱ्या पिल्लांतही ते दिसू लागले. पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या घरच्या माणसांची तपासणी झाली. त्यांच्या विष्ठेच्या दर शंभर नमुन्यांत एकतीस नमुने असे निघाले, की ज्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक जंतू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे होते. शेजारच्या कुटुंबांत हेच प्रमाण शंभरात सात होते. हे सारे १९७६ साली छापून आले.

घरातल्या कोणी ते औषध खाल्ले नव्हते. औषध खाल्ले कोंबडीने, जंतू आले माणसात. वाट कोणती? तीच नेहमीची. हात, धूळ, खुराडे झाडणे, अंडी गोळा करणे. आपल्याकडे तर कोंबड्या अंगणात, शेळी पडवीत आणि लेकरे दोघांच्या मध्ये खेळतात. म्हणून खुराड्यातले औषध हा केवळ खुराड्याचा मामला राहत नाही.

आपल्या सरकारनेही काही पावले उचलली आहेत. कोलिस्टिन हे औषध इतर सारी औषधे हरल्यावर माणसासाठी राखून ठेवलेले आहे. कोंबड्या, जनावरे आणि मासे यांच्यासाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर करण्यावर जुलै २०१९ मध्ये देशभर बंदी आली. खाद्याच्या पोत्यावर किंवा ‘वाढीच्या’ पावडरीच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यायची सवय लावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

डाळिंबावरची ती पुडी

स्ट्रेप्टोसायक्लिनची ६ ग्रॅमची पुडी ज्याने पाहिली नाही, असा डाळिंबवाला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला. गरिबाला पेनिसिलिन परवडावे हा त्यामागचा हेतू, आणि त्याचे देशावर मोठे उपकार आहेत. त्याच कारखान्याची ही पुडी. तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. म्हणजे क्षयावर चाललेले जगातले पहिले प्रतिजैविक आणि ज्याच्यावर पंपाचा शोध लागला ते औषध, दोन्ही एकाच पुडीत.

तेल्याने बाग काळवंडली, फळे तडकली, की माणूस हातात येईल ते फवारतो. कर्ज डोक्यावर असताना त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. पाठीवरच्या पंपातून उडालेले औषध पानावर थोडे आणि मातीत पुष्कळ पडते. मातीतल्या, पाण्यातल्या जंतूंना त्याचा हलका डोस मिळतो. हलका डोस म्हणजे जंतूंची शाळाच. टेट्रासायक्लिनला जंतू पुष्कळदा पंपाने उपसतो, स्ट्रेप्टोमायसिनला बहुधा दुसऱ्या युक्तीने निकामी करतो, आणि दोन्ही युक्त्या एका गाठोडीत बसू शकतात. हे ओळखून केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला या जोडीचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवावा असे त्यात सुचवले.

तेल्यावरचा टिकाऊ उपाय पुडीत नाही. रोगमुक्त रोपे, बागेला पुरेसा विसावा, रोगट फांद्या-फळे काढून जाळणे, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे, हे कष्टाचे काम आहे. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच बाबतीत मार्गदर्शन करते. त्यांचा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याआधी घ्यावा.

गोठ्यातली गोष्ट

कल्याण-ठाण्याच्या तबेल्यांपासून पार आडगावच्या एका म्हशीच्या गोठ्यापर्यंत कासदाह सर्वांना छळतो. त्याला कोठे दगडी म्हणतात, कोठे स्तनदाह. कासेतल्या या दुखण्याला कारण होणारा एक जंतू आपल्या कातडीवरही राहतो. त्याच्या अंगात औषधांच्या एका मोठ्या गटाला बाहेर काढणारा पंप आहे. अर्ध्या ट्यूबवर भागवले, दुसऱ्या दिवशी सूज उतरलेली दिसली म्हणून इंजेक्शन थांबवले, की पंपवाले जंतू कासेत शिल्लक राहतात. मग पुढच्या वेळी तेच औषध पाण्यासारखे जाते.

दुसरी गोष्ट दुधाची. औषध चालू असताना आणि त्यानंतर डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये आणि घरातही वापरू नये. भगिनींना याची एक खूण ठाऊक असेल. कधी कधी विरजण घालूनही दही लागत नाही. त्याची कारणे अनेक असतात. पण दुधात औषधाचा अंश असेल, तर विरजणातले जंतू मरतात आणि दही खरोखरच लागत नाही. जे विरजणाला मारते ते लेकराच्या पोटातही जाणारच. दूध उकळले म्हणून सारे औषध नाहीसे होत नाही. ते दूध वासराला पाजले, तर त्याच्या पोटातही तीच निवड सुरू होते.

कास वरचेवर सुजत असेल, तर पशुवैद्यांना सांगून दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कोणते औषध लागू पडेल ते तिथे आधीच कळते. पुण्याला औंधमध्ये पशुरोग निदानाची प्रयोगशाळा आहे. तपासणीला लागणारा वेळ चार चुकीच्या इंजेक्शनांपेक्षा स्वस्त पडतो.

मुंबईतला धडा

आता माणसांकडे येऊ. १९९१ साली डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाची औषधयोजना लिहायला सांगितली. शंभर जणांनी ऐंशी प्रकारच्या योजना लिहिल्या. पुढे २०१० साली हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी अशीच पाहणी पुन्हा छापली. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारच्या योजना, आणि त्यांतल्या बरोबर फक्त सहा जणांच्या. मग २०११ च्या अखेरीस याच रुग्णालयातून चार रोग्यांची हकीकत जाहीर झाली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. त्या रोगाला काय नाव द्यावे यावरून सरकारशी वाद झाला, पण रोगी खरे होते.

क्षयाच्या जंतूचा हट्टीपणा मुख्यतः त्याच्या अंगातल्या बारीक बदलांमुळे येतो. पण पंपही मागे नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या जंतूला गिळतात. गिळला गेला की जंतू आत बसून आपले पंप सुरू करतो आणि औषधाला तग धरतो, असे २०११ साली छापलेल्या संशोधनात दिसले. औषध सहा-सहा महिने का घ्यावे लागते, याचे काही अंशी उत्तर इथे आहे.

बेडाक्विलिन या नव्या औषधाची कथा तर सरळ पंपाचीच आहे. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली आणि भारतात २०१६ पासून ते निवडक केंद्रांवर दिले जाऊ लागले. ज्यांची आशा संपली होती अशी माणसे त्याने उठून बसली. क्षयाच्या जंतूत एका पंपाला लगाम घालणारी व्यवस्था असते. त्या लगामातच बिघाड झाला, की पंप मोकाट सुटतो आणि बेडाक्विलिन बाहेर टाकू लागतो. तोच पंप कुष्ठरोगावरचे क्लोफाझिमिन हे औषधही बाहेर काढतो. म्हणजे एका बिघाडात दोन औषधे हातची जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिनसह चार औषधांची सुमारे सहा महिन्यांची योजना मंजूर केली. पूर्वी याला दीड-दोन वर्षे लागत. हे नवे शस्त्र किती वर्षे धारदार राहील, हे ते कसे वापरले जाते यावर ठरेल.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिकाच्या भाषणात एक कल्पित घर उभे केले होते. नवऱ्याचा घसा दुखतो. तो स्वतःच थोडेसे पेनिसिलिन घेतो, जंतू मरतील एवढे नाही, पण शहाणे होतील एवढे. मग ते शहाणे जंतू बायकोला लागतात. तिला पेनिसिलिन देऊनही गुण येत नाही आणि ती दगावते. तिच्या मरणाचा धनी कोण, असे त्यांनी विचारले होते.

पंपाला बोळा घालता येईल का?

मोटारीच्या पाइपात बोळा घातला की उपसा थांबतो. जंतूच्या पंपात असा बोळा घालण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. सर्पगंधेतले रिझर्पिन आणि मिऱ्यातले पायपरिन ही द्रव्ये काही जंतूंचे पंप अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पायपरिनवर आपल्या जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने चांगले काम केले. क्षयाच्या औषधात पायपरिन मिसळलेली एक गोळी २००९ साली भारतातच तयार झाली. तिच्यात पायपरिनचे काम औषध रक्तात नीट उतरवण्याचे आहे.

पण म्हणून कोणी मिरे चावून क्षय घालवायला निघू नये. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत साधते ते माणसाच्या अंगात तेवढ्याच सुरक्षितपणे साधेलच असे नाही. पंप बंद पाडणारी द्रव्ये पुष्कळदा आपल्या शरीरालाही बाधतात. पंपावर बोळा म्हणून जंतुरोगांत सर्रास देता येईल असे औषध आजही बाजारात नाही.

तोवर आपल्या हाती काय?

मोटार कितीही जोरकस असो, आषाढातला मोठा पाऊस लागून राहिला की विहीर भरतेच. पंपाला हरवण्याचा आजचा मार्ग हाच आहे. योग्य औषध, पुरेशा मापाने, वेळेवर आणि शेवटपर्यंत. एक गोळी चुकली की पाऊस उघडला, आणि मोटारीला विहीर उपसायला वेळ मिळाला असे समजा. म्हणून घरात एवढे नियम पाळावेत :

१) गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि दुकानदाराकडे मागू नये.

२) डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस गोळ्या संपवाव्यात. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून पुढच्या तापाला वापरू नयेत, शेजारणीलाही देऊ नयेत.

३) साध्या सर्दीत ‘भारी गोळी द्या’ असा डॉक्टरांना आग्रह करू नये. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते. प्रतिजैविक त्यांच्यावर चालत नाही.

४) दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारतर्फे मोफत आहेत. पोषणासाठी दरमहा पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम हजार रुपये झाली आहे.

५) माणसाचे औषध जनावराला आणि जनावराचे औषध माणसाला देऊ नये. उरलेले औषध विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नये.

६) घटसर्प, फऱ्या, कोंबड्यांची मानमोडी यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. धार काढण्यापूर्वी हात व सड धुवावेत, गोठा कोरडा ठेवावा. रोगच झाला नाही तर औषधही लागत नाही.

७) शेणखत आणि कोंबडखत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी थापायला बसू नये.

दवाखाना लांब आहे, एसटी चुकली की दिवस बुडतो, दुकानातली गोळी दहा रुपयांत मिळते, हे सारे खरे आहे. पण अर्ध्या डोसाची उधारी जंतू विसरत नाहीत. ती कधी आपल्याकडून वसूल होते, कधी घरातल्या लेकराकडून, कधी दावणीच्या म्हशीकडून. उधारी किती जड जाते, हे शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.